आठ फुटांवरून

सुरुवात पलंगापासून.
पलंग ते टीव्ही, जिभाऊंच्या पावलांनी चार,
माझ्या टेपने आठ फूट दोन इंच.
एवढ्या अंतरावरून वाचता आलं पाहिजे,
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिलाय तरीही.
माऊस नको. कीबोर्ड नको.
चार बाण, एक ओके, आणि त्यांचा अंगठा.

जळगावला गोलाणीत
तीन पायांचा रिसीव्हर मिळाला, चाळीस रुपयांना.
दुकानदार म्हणाला, दोन घ्या, एक जळतोच.
पहिला जळलाच.

अमळनेरात मे महिन्यात दुपारी पत्रा बोलतो.
कॉम्प्युटर जुना, पतपेढीने काढून टाकलेला,
त्याच्या पंख्याला आमच्या पंख्यासारखीच धाप.
त्यावर एकेक डेस्कटॉप चढवून पाहिला मी,
बस्त्याला गेल्यावर शालू अंगावर धरून पाहतात तसा.

केडीई देखणा, पण वरमाईसारखा
प्रत्येक गोष्टीत मान मागतो.
नोम सगळं झाकून ठेवतो
आणि कोपरा गाठल्याशिवाय उघडत नाही;
रिमोटला बाण असतात, कोपरे नसतात.
एक्सएफसीई गरीब, कामसू,
मात्र अक्षरं मोठी केली
की त्याची बटणं पडद्याबाहेर जाऊन बसतात,
जेवण झाल्यावर माणसं ओट्यावर जातात तशी.

पाच रात्री गेल्या.
सहाव्या दिवशी रिमोटच मुका.
शेजारची तनू मोबाइलचा कॅमेरा घेऊन आली,
रिमोटच्या तोंडासमोर धरला, म्हणाली, दाबा.
पडद्यावर जांभळा ठिपका लुकलुकला.
अवरक्त, मी सांगितलं. तांबड्याच्या खालचा उजेड.

जिभाऊ गप्प झाले.
एकतीस वर्षं केबिनमध्ये लिव्हर ओढलेला माणूस.
इथून तार ताणायची,
तिकडे धुरळ्यापलीकडे सिग्नलचा हात खाली पडायचा
आणि सुरतेची गाडी आत यायची.
तांबड्याच्याही खाली काही असतं
हे त्यांना रेल्वेने कधी कळवलं नव्हतं.
रिमोट उलटा करून नाकाजवळ धरला त्यांनी:
"हाऊ उजेड माले काबरं दिसत नही?"
मलाही दिसत नाही, म्हटलं. कुणालाच नाही.
"मंग ठीक शे."

सेल बदलले. चाललं.
मोठ्या अक्षरांत कुस्त्यांची यादी आली,
बाण खाली गेला की नाव उजळायचं.
मी फुशारकीने रिमोट त्यांच्या हातात दिला:
हे चालू, हे पुढे, हे मागे, हा आवाज.
त्यांनी काहीच दाबलं नाही.
"चालू तं कोनीबी करी. पहिले बंद दखाड."

केबिनमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवायचे म्हणे:
ओढायचं नंतर,
आधी लिव्हर जागेवर परत ढकलायला शीक.

तांबडं बटण मी मोकळंच सोडलं होतं.
म्हटलं, लाईट जातेच की रोज,
तेव्हा आपोआप...
त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं,
बरा असलेला डोळा रोखून.

त्या रात्री निवड झाली.
एक उघडाबोडका ओपनबॉक्स,
ना पट्टी, ना घड्याळ, ना भिंतीवर चित्र.
खरंच बंद करायचं का, असं इंग्रजीत विचारत नाही.
तांबडं दाबलं की नऊ सेकंदांत पंखा थांबतो.
मी मोजले.
मग जिभाऊंनी मोजले, बोटांच्या पेरांवर,
आणि मान हलवली.

आता जेवणं झाली की कुस्ती लागते.
लाल मातीतला कुणी कुणाला चितपट करायच्या बेतात असतो,
तनूचं तोंड उघडं राहिलेलं असतं,
आणि हे तांबडं दाबतात.
नऊ सेकंद.
पंखा थांबतो, पत्रा थांबतो,
बोरीच्या पुलावरून पॅसेंजर येत असते.
ती स्टेशनात शिरेपर्यंत कुणी बोलायचं नाही.
मग तनू रिमोट मागते,
आणि जिभाऊ म्हणतात,
"आते कर चालू."